औष्णिक धातुकर्तन
धातूचा जाड पत्रा उष्णतेच्या साहाय्याने ठराविक रेषेवर विलग करण्याच्या क्रियेस औष्णिक धातुकर्तन म्हणतात. करवत, छिन्नी व यांत्रिक कातरी यांनी पातळ पत्रे कापता येतात. परंतु पत्र्याची जाडी वाढली, काप वक्र असला अथवा वस्तू जागेवरून हलविण्याजोगी नसली, म्हणजे ही साधने अपुरी पडतात. अशा वेळी ज्योत किंवा विद्युत् प्रज्योत यांच्या साहाय्याने काप घेण्यात येतो. या क्रियेचे दोन मुख्य प्रकार आहेत : (१) ऑक्सिजन-कर्तन, यास कारखान्यात ‘गॅस कटिंग’ असे म्हणतात. यात धातू ऑक्सिजनात जाळला जातो. (२) आयनद्रायू कर्तन. हे ‘प्लाझ्मा कटिंग’ या नावाने ओळखले जाते. यात धातू अतितप्त वायूच्या झोताने वितळवून उडविला जातो. ‘जाळणे’ व ‘वितळविणे’ यांतील हा भेद नवशिक्याने प्रथम समजून घेणे आवश्यक असते. कारण कोणता धातू कोणत्या पद्धतीने कापता येईल, टॉर्च किती वेगाने न्यावी आणि काप का बिघडला, हे सर्व या भेदावरून ठरते.

इतिहास : ॲसिटिलीन वायूचा शोध एडमंड डेव्ही यांनी १८३६ मध्ये लावला; तथापि विद्युत् भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार होऊ लागेपर्यंत, म्हणजे १८९२ नंतरच्या काळापर्यंत, त्यास औद्योगिक महत्त्व नव्हते. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान इतर सर्वसाधारण इंधनांच्या ज्योतींपेक्षा अधिक असते, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातल्ये यांनी १८९५ मध्ये निदर्शनास आणली. त्याच वर्षी कार्ल फोन लिंडे यांनी हवा द्रवरूप करण्याची व्यवहार्य पद्धत प्रस्थापित केली व पुढे तिच्यापासून शुद्ध ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी एडमाँ फूशे व शार्ल पीकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलीन टॉर्च तयार केली आणि वितळजोडकाम व कर्तन या दोन्ही क्रिया कारखान्यांत रूढ झाल्या. ‘प्लाझ्मा’ ही संज्ञा अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये योजिली. विद्युत् प्रज्योत अरुंद छिद्रातून दाबून नेल्यास ती धातू कापू शकते, हे रॉबर्ट गेज यांनी दाखविले व त्यांना १९५७ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. या पद्धतीत प्रारंभी आर्गॉन, हायड्रोजन व नायट्रोजन यांसारखे वायू लागत. पुढे साध्या दाबित हवेवर चालणारे छोटे संच निघाल्यावर ती लहान कार्यशाळांच्याही आटोक्यात आली.

ऑक्सिजन-कर्तनाचे तत्त्व : लोखंड सु. ८७०° ते ९००° से. पर्यंत तापले म्हणजे लालभडक दिसू लागते. या तापमानास त्यावर शुद्ध ऑक्सिजनाचा झोत सोडल्यास ते पेट घेते. लोखंडाचा वितळबिंदू १,५३८° से. असल्याने वितळण्याच्या बऱ्याच आधी ते जळू लागते. जळताना होणारी लोखंडाची ऑक्साइडे ही धातुमळीच्या रूपाने वितळतात व झोताच्या जोराने फटीतून खाली उडून जातात. या ज्वलनात भरपूर उष्णता निर्माण होते व ती पुढील थरास तापविते. म्हणजे पत्रा कापण्याचे काम मुख्यत्वे ज्योत करीत नाही, तर ऑक्सिजन करतो. ज्योतीचे कार्य पृष्ठभाग पेटण्याच्या तापमानास आणणे व तेथे ठेवणे एवढेच असते.

यावरून या पद्धतीने कापता येण्यासाठी धातूच्या अंगी तीन गुण असावे लागतात, हे लक्षात येईल. त्याचे प्रज्वलन तापमान वितळबिंदूपेक्षा कमी असावे. त्याचे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कमी अथवा त्याच्याजवळच्या तापमानास वितळावे. आणि ज्वलनात पुरेशी उष्णता बाहेर पडावी. मृदू पोलाद या कसोट्यांना उतरते. ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, पण त्याचे ऑक्साइड २,००० से. अंशांच्याही वर वितळते. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडाचे कवच राहते व काप पुढे सरकत नाही. अगंज पोलादातील क्रोमियमाचे ऑक्साइडही असेच उच्चतापसह असते. बिडात कार्बन अधिक असल्याने ते पेट घेण्यापूर्वीच वितळू लागते. तांब्याच्या ज्वलनात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही व जी होते ती धातूत त्वरित पसरते. या धातूंसाठी आयनद्रायू पद्धत किंवा अन्य मार्ग अवलंबावे लागतात.

ऑक्सिजनाची शुद्धता फार महत्त्वाची असते. कर्तनासाठी ती साधारणपणे ९९·५% असावी लागते. ती १ टक्क्याने घटल्यास कापण्याचा वेग सु. २५ टक्क्यांनी कमी होतो.

साधने : ऑक्सिजन-कर्तनाच्या संचात दोन सिलिंडर, प्रत्येकावर एक दाबनियामक, दोन रबरी नळ्या, ज्योतरोधक व कटिंग टॉर्च यांचा समावेश होतो. भारतात ऑक्सिजनाचा सिलिंडर काळ्या रंगाचा व ॲसिटिलिनाचा तपकिरी-तांबड्या रंगाचा असतो. ऑक्सिजनाच्या जोडांना उजवे आटे व इंधन वायूच्या जोडांना डावे आटे पाडलेले असतात. त्यामुळे एकाची नळी चुकून दुसऱ्यास बसत नाही. डाव्या आट्यांच्या नटांच्या कडांवर खाचा असल्याने ते हाताच्या स्पर्शानेही ओळखता येतात.

ऑक्सिजन सिलिंडरात सु. १५० किग्रॅ./सेंमी.² इतक्या दाबाने भरलेला असतो. ॲसिटिलीन मात्र असा दाबून भरता येत नाही. मोकळ्या अवस्थेत त्याचा दाब सु. १ किग्रॅ./सेंमी.² हून अधिक झाल्यास त्याचे आपोआप विघटन होऊन स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून सिलिंडरात सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन शोषविलेले असते व ॲसिटिलीन त्यात विरघळलेल्या स्थितीत साठवितात. याच कारणाने ॲसिटिलिनाचा सिलिंडर नेहमी उभा ठेवावा लागतो. आडवा केल्यास ॲसिटोन वायूबरोबर बाहेर येते. ॲसिटिलिनाऐवजी द्रवीकृत खनिज तेल वायूही वापरतात. तो स्वस्त असतो. परंतु त्याची ज्योत काहीशी कमी उष्ण असल्याने पूर्वतापनास वेळ अधिक लागतो व ऑक्सिजनही जास्त खर्च होतो.

कटिंग टॉर्चच्या नोझलाच्या मध्यभागी कर्तनाच्या ऑक्सिजनाचे एक छिद्र व त्याच्या भोवती पूर्वतापनाच्या ज्योतींची लहान छिद्रे असतात. नोझलाची निवड पत्र्याच्या जाडीवरून करतात. साधारणपणे ३ ते ६ मिमी. जाडीस मधले छिद्र ०·८ मिमी. व ऑक्सिजनाचा दाब १ ते १·४ किग्रॅ./सेंमी.², ६ ते १९ मिमी. जाडीस १·२ मिमी. व १·४ ते २·१ किग्रॅ./सेंमी.² आणि १९ ते १०० मिमी. जाडीस १·६ मिमी. व २·१ ते ४·२ किग्रॅ./सेंमी.² असे प्रमाण ठेवतात. नोझल तयार करणाऱ्याने दिलेला तक्ता असल्यास तोच प्रमाण मानावा. दाब वाढविल्याने काप लवकर होतो, हा समज चुकीचा आहे. जादा दाबाने झोत फाटतो, फट रुंद होते व ऑक्सिजन वाया जातो.

कृती : प्रथम पत्र्यावरील गंज, रंग व तेल काढून खडूने किंवा आरेखणीने रेषा आखतात. रेषेवर ठिपके पाडून घेतल्यास ज्योतीच्या प्रकाशातही ती दिसत राहते. पत्रा असा ठेवतात की, फटीखाली मोकळी जागा राहील व धातुमळी विनाअडथळा पडेल. काँक्रीटच्या जमिनीवर थेट काप घेऊ नये. तापलेल्या काँक्रीटच्या कपच्या उडून इजा होते.

साबणाच्या पाण्याने सर्व जोड तपासल्यावर ॲसिटिलिनाची झडप किंचित उघडून ठिणगीच्या साधनाने ज्योत पेटवितात. धूर नाहीसा होईपर्यंत ॲसिटिलीन वाढवून मग पूर्वतापनाचा ऑक्सिजन सोडतात व आतील शुभ्र शंकू स्पष्ट व आखूड होईल अशी उदासीन ज्योत साधतात. कर्तनाच्या ऑक्सिजनाचा खटका दाबून ज्योत पुन्हा पाहावी लागते. कारण त्या वेळी दाब बदलून ती बिघडू शकते.

शंकूचे टोक पत्र्यापासून सु. ५ मिमी. अंतरावर धरून कडेचा भाग लालभडक होऊ देतात. मग खटका सावकाश दाबताच ठिणग्यांचा फवारा खालून बाहेर पडतो. फवारा पत्र्याच्या खालच्या बाजूने सरळ पडत असल्यास काप आरपार गेला असे समजावे. ठिणग्या वर उडू लागल्यास वेग जास्त झाला आहे किंवा धातू पुरेसा तापलेला नाही असे समजून थांबावे. पत्र्याच्या मध्यभागी छिद्र पाडून आरंभ करावयाचा असल्यास खटका दाबताना टॉर्च थोडी वर उचलून तिरपी करतात. अन्यथा उडालेली धातुमळी नोझलात शिरते.

काम संपल्यावर प्रथम कर्तनाचा ऑक्सिजन, नंतर ॲसिटिलीन व शेवटी पूर्वतापनाचा ऑक्सिजन बंद करतात. ज्योत शिट्टीसारखा आवाज करीत टॉर्चच्या आत शिरल्यास मात्र क्रम बदलतो : त्या वेळी ऑक्सिजनाची झडप आधी व ॲसिटिलिनाची लगेच नंतर बंद करावी लागते. हा क्रम संकटाच्या क्षणी आठवून करण्याचा नसल्याने तो आधी अनेकदा न पेटविलेल्या टॉर्चवर गिरवून घेतात.

कापाचे परीक्षण : चांगल्या कापाच्या कडेवर जवळजवळ उभ्या व बारीक रेषा दिसतात, वरची कड टोकदार राहते आणि खाली चिकटलेली धातुमळी हलक्या ठोक्याने निघते. रेषा मागे फार वळलेल्या असल्यास वेग जास्त होता असे कळते. वरची कड वितळून गोल झाली असल्यास ज्योत मोठी होती किंवा वेग कमी होता. कडेत मध्येच खळगे पडले असल्यास हात थांबला होता किंवा नोझल घाण होते. नवशिके बहुधा वेग कमी ठेवून ज्योत मोठी करतात. पत्रा वितळला म्हणजे कापला गेला, या गैरसमजाचा तो परिणाम असतो.

आयनद्रायू कर्तन : वायू अतिशय तापला म्हणजे त्याचे अणू आयन व इलेक्ट्रॉन यांत विभागले जातात व तो विद्युत् संवाहक बनतो. अशा वायूस आयनद्रायू म्हणतात. आयनद्रायू टॉर्चमध्ये मध्यभागी ऋण विद्युत् अग्र असते. ते तांब्याचे असून हवा किंवा ऑक्सिजन वापरावयाचा असल्यास त्याच्या टोकात हाफ्नियमाचा लहान तुकडा बसविलेला असतो. नायट्रोजन अथवा आर्गॉन-हायड्रोजन यांसाठी टंगस्टन वापरतात. त्याभोवती तांब्याचे अरुंद छिद्राचे नोझल असते व वायू त्यातून भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो. खटका दाबताच अग्र व नोझल यांमध्ये प्रथम एक लहान पथदर्शी प्रज्योत निर्माण होते. ती पत्र्यापर्यंत पोहोचली म्हणजे मुख्य प्रवाह अग्रातून थेट पत्र्यात जातो. पत्रा संचाच्या धनाग्रास चिमट्याने जोडलेला असावा लागतो. हा चिमटा रंग किंवा गंज यांवर लावल्यास प्रज्योत टिकत नाही. अरुंद छिद्रातून जाताना आकुंचित झालेल्या प्रज्योतीचे तापमान २०,०००° से. च्याही वर जाते. त्यामुळे विद्युत् संवाहक असलेला कोणताही धातू या पद्धतीने कापता येतो.

हवेवर चालणाऱ्या छोट्या संचास सु. ५ किग्रॅ./सेंमी.² दाबाची कोरडी, तेलविरहित हवा लागते. हवेत पाणी किंवा तेल आल्यास अग्र व नोझल झपाट्याने झिजतात. म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढून टाकावे व गाळणी तपासावी. हाफ्नियमाच्या जागी सु. १·५ मिमी. खोल खळगा पडला म्हणजे अग्र बदलतात. ४० अँपिअरच्या हातसंचाने सु. १० मिमी. जाडीचे मृदू पोलाद चांगले कापता येते.

काप घेताना टॉर्च काटकोनात व एकसारख्या वेगाने नेतात. ठिणग्यांचा झोत खालून किंचित मागे झुकलेला असल्यास वेग योग्य समजावा. वेग कमी झाल्यास खालच्या कडेस धातुमळीचा जाड पण सहज निघणारा थर जमतो. वेग जास्त झाल्यास बारीक व घट्ट चिकटलेली धार राहते व ती घासूनच काढावी लागते. वायू भोवऱ्यासारखा फिरत असल्याने फटीची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक उभी येते. नेहमीच्या घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या झोतात गतीच्या दिशेस उजवीकडील बाजू अधिक सरळ असते. म्हणून उपयोगाचा तुकडा उजवीकडे राहील अशी दिशा निवडतात. हवेने कापलेल्या कडेत नायट्रोजन शोषला जातो व पुढे तेथे वितळजोड केल्यास सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहण्याचा संभव असतो. त्यामुळे जोडण्यापूर्वी कड घासून घेतात. [→ वितळजोडकाम].

दोन्ही पद्धतींची तुलना : पातळ व मध्यम जाडीच्या पत्र्यास आयनद्रायू पद्धत अधिक वेगवान असते व पत्रा कमी वाकतो. जाड पोलादास ऑक्सिजन-कर्तन सोयीचे. योग्य नोझल वापरून ३०० मिमी. व त्याहून अधिक जाडीही कापता येते. आयनद्रायू संचास वीज व दाबित हवा अखंड लागते. सिलिंडरांचा संच वीज नसलेल्या ठिकाणीही नेता येतो. डोंगराळ भागातील दुरुस्तीच्या कामात हा शेवटचा मुद्दा बहुधा निर्णायक ठरतो.

धोके व दक्षता : ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो इतर पदार्थांना भडकवितो. तेल किंवा ग्रीस उच्च दाबाच्या ऑक्सिजनाच्या संपर्कात आल्यास पेट घेते. म्हणून त्याच्या झडपांना व दाबनियामकांना तेलकट हात लावू नये. ऑक्सिजनाने कपड्यांवरील धूळ झटकणे किंवा टाकीत वारा घालणे अत्यंत घातक असते. ऑक्सिजन मुरलेले सुती कापड एका ठिणगीने क्षणात भडकते.

सर्वांत घातक काम म्हणजे रिकामे पिंप किंवा बंद टाकी कापणे. डीझेल, वंगण, अल्कोहॉल, रंग व कीटकनाशके यांची पिंपे ग्रामीण भागात पाण्यासाठी किंवा जनावरांच्या गव्हाणीसाठी कापली जातात. आत द्रव दिसत नसला, तरी सांध्यांत व गंजाखाली राहिलेला अंश तापल्यावर वाफ बनतो व हवेशी मिसळून स्फोटक मिश्रण तयार होते. जड तेलही साध्या तापमानास पेटत नाही म्हणून निर्धोक ठरत नाही. ज्योतीने तापल्यावर त्याचीही ज्वालाग्राही वाफ होते. नुसते पाण्याने विसळल्याने किंवा झाकण उघडे ठेवल्याने हा धोका टळत नाही. आत पूर्वी काय होते हे ठाऊक नसलेले पिंप ज्योतीने अथवा आयनद्रायूने कापूच नये. ते थंड अवस्थेत छिन्नीने कापणे इष्ट. कापणे अटळच असल्यास वाफेने किंवा योग्य क्षालकाने आतून धुऊन, झाकण उघडे ठेवून, कापाच्या रेषेजवळपर्यंत पाणी भरून व जाणकाराच्या देखरेखीखालीच ते काम करतात.

डोळ्यांच्या संरक्षणासाठी २५ मिमी. पर्यंतच्या ऑक्सिजन-कर्तनास ३ किंवा ४ क्रमांकाची काच पुरते. आयनद्रायू प्रज्योतीतून तीव्र जंबुपार किरण बाहेर पडतात. तिच्यासाठी २० ते ४० अँपिअरला किमान ५ क्रमांकाची, ४० ते ६० अँपिअरला ६ क्रमांकाची व त्यावर ८ क्रमांकाची काच वापरतात. जस्तलेपित पत्र्याच्या धुराने थंडी-ताप भरतो व अगंज पोलादाच्या धुरातील क्रोमियमाची संयुगे कर्ककारक असतात; म्हणून असे काम मोकळ्या हवेत किंवा धूर ओढून घेणाऱ्या पंख्याजवळ करतात. आयनद्रायू संचाचा विनाभार विद्युत् दाब वितळजोडकामाच्या संचाहून बराच जास्त असतो. त्यामुळे अग्र किंवा नोझल बदलण्यापूर्वी वीज तोडणे अनिवार्य असते. काम संपल्यावर अर्धा तास तरी आसपास धुमसत राहिलेली ठिणगी शोधावी. भारतात सिलिंडरांच्या भरणी, साठवण व वाहतुकीस गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम तथा स्फोटके सुरक्षा संघटना करते.

प्रशिक्षण : भारत सरकारच्या १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर हा एक वर्षाचा व्यवसाय शिकविला जातो, औष्णिक कर्तन हा त्याचाच भाग आहे. प्रशिक्षणानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात उमेदवारी करता येते. शिक्षणाचा क्रम सामान्यतः असा असतो : प्रथम साधने जोडणे व गळती तपासणे, नंतर ज्योत साधणे, मग १० मिमी. पत्र्यावर सरळ काप, तिरपा काप, वर्तुळ, छिद्र व शेवटी आयनद्रायू संच. सरळपट्टीचा किंवा वर्तुळाच्या जोडणीचा आधार घेऊन केलेला काप व मोकळ्या हाताने केलेला काप हे दोन्ही शिकावे लागतात.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात या विद्येची गरज कशी निर्माण होते, हे उदाहरणादाखल पाहता येईल. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व पुढे त्याच्या पाण्यावर वीजनिर्मिती होऊ लागली. त्याच नदीवर खाली निळवंडे धरण असून त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. धरणांची दारे, पोलादी नळ व पाणी उपसण्याची यंत्रे यांची देखभाल जाड पोलादी पत्र्याच्या कर्तनावाचून होत नाही. अगस्ती सहकारी साखर कारखान्यासारख्या उद्योगात गळीत हंगाम संपल्यावर झिजलेले पत्रे, नळ व वाहक पट्ट्यांचे भाग कापून बदलण्याचे काम पुढील हंगामापूर्वी उरकावे लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली, उसाची गाडी, नांगराचे फाळ व घरांची पोलादी चौकट यांची दुरुस्ती गावोगावच्या लहान कार्यशाळांत होते. ज्या तालुक्यात भातशेती पावसावर अवलंबून आहे व ज्याच्या पश्चिम भागात महादेव कोळी, ठाकर इ. आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे, तेथील तरुणास हा व्यवसाय गावातच उपजीविका देऊ शकतो किंवा सिन्नर व नासिक येथील औद्योगिक वसाहतींचा मार्ग खुला करू शकतो.

मात्र लहान कार्यशाळेत शिकणारा कारागीर पुष्कळदा केवळ पाहून शिकतो. त्यास ज्योत लावता येते व काप घेता येतो. पण ज्योतरोधक कशासाठी, सिलिंडर आडवा का ठेवू नये व जुने पिंप का नाकारावे, हे त्यास कोणी सांगितलेले असेलच असे नाही. कापाची सफाई सरावाने येते. या प्रश्नांची उत्तरे सरावाने येत नाहीत, कारण त्यांतील चूक बहुधा एकदाच घडते. म्हणून कर्तनाच्या शिक्षणात हस्तकौशल्याइतकेच त्यामागील कारणांच्या ज्ञानास महत्त्व दिले जाते.